भात झाला की माझी पाळी

मी शिक्का बोलतोय. चित्रकाराचा शिक्का. कचेरीतला रबरी नव्हे. त्याचं आणि माझं काही नातं नाही. मी दगडाचा आहे, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. शिक्षण विचाराल तर मला दोनच अक्षरं येतात, आणि तीही उलटी. चिन आणि शुई. माझ्या मालकाचं नाव. तेवढ्या भांडवलावर जन्म काढला आणि काही बिघडलं नाही. चार-चार पदव्या घेतलेली माणसं आमच्या चित्रशाळेत येऊन काय बोलतात ते ऐकलंय मी. दोन अक्षरं पुष्कळ झाली.

जन्म माझा ताइनान शहरातला, म्हणजे कोरला गेलो तिथे. त्याआधी मी डोंगरात होतो, पण दगडाच्या बालपणात सांगण्यासारखं काही नसतं. पडून असतो. शेन नावाच्या कोरक्याने मला एका लाकडी चिमट्यात आवळलं आणि तोंडावर पातं चालवायला सुरुवात केली. पुढचे दात नसलेला माणूस. फुंकर मारायला गेला की भुकटीपेक्षा थुंकीच जास्त. कोरून झालं, मला दिव्याखाली धरलं, खूश झाला, आणि मग पात्याची मूठ उलटी करून माझ्या एका कोपऱ्यावर ठाण्णकन मारली! कोपरा उडाला.

"हां. आता जुना वाटतोय," म्हणाला.

ही त्या धंद्यातली रीत. नवा शिक्का कुणाला नको असतो. म्हणून जन्मल्या दिवशीच मला म्हातारा करून टाकला. लोक म्हणतात मी खवट आहे. तुम्हाला तरुणपणच दिलं नसतं तर तुम्ही काय हसत बसला असता?

शेनने आणखी एक घोळ घातला, तो पुढे फार महाग पडला म्हणून आत्ताच सांगतो. शिक्क्याच्या अंगावर, एका बाजूला, बारीक खूण कोरायची असते. ती खूण अंगठ्याखाली आली की शिक्का सरळ धरलाय असं समजायचं. कारण आमची अक्षरं जुन्या वळणाची, त्यात उलटी कोरलेली, त्यात शाईऐवजी लावायच्या लाल लगद्याने बुजलेली. नुसतं बघून डोकं कुठलं आणि पाय कुठले ते कळत नाही. शेनने खूण कोरायला पातं उचललं, तेवढ्यात समोरच्या टपरीवर मटणाचं गरम सूप उतरलं. पातं खाली ठेवलं, उठून गेला. परत आला तेव्हा पोट भरलेलं होतं आणि खूण विसरली होती. मी तसाच, बिनखुणेचा, को चिन-शुईच्या हातात पडलो.

चिन-शुई तेव्हा तरुण होता. मान लांब, पाय काटकुळे, स्वतःच बगळ्यासारखा दिसायचा, आणि काढायचाही बगळेच. समुद्राकडच्या मासे पाळायच्या तळ्यांवर जायचा, बांधावर उकिडवा बसायचा आणि घरी येऊन शाईने काढायचा. तुम्हाला वाटेल पांढरा बगळा काढायला पांढरा रंग लागतो. नाही. बगळा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. आजूबाजूला शाई पसरायची, पाणी करायचं, गवत करायचं, आणि मधे जिथे हातच लावला नाही तिथे बगळा उभा राहतो. न केलेल्या कामाचं चित्र! हे ऐकून आळशी माणसाला वाटेल की धंदा बरा आहे. करून बघा म्हणावं. हात आवरणं म्हणजे काय ते चिन-शुईला विचारा.

त्याला ते कधीच जमलं नाही. बगळा छान उभा असायचा, पण याचं समाधान नाही. "पाण्यात जरा खोली हवी." एक हात फिरवला. "गवत विरळ वाटतंय." आणखी एक. कागद असा पातळ की शाई पडली की पसरणारच. बगळ्याचं पोट जायचं, मग मान जायची, आणि शेवटी तळ्यात जे उभं असायचं त्याला कावळा म्हणायचीही सोय नसे.

मग आ-ल्यानशी लग्न झालं.

आ-ल्यान बाजारात मासे साफ करणाऱ्यांच्या घरातली. हाताला वेग, जिभेला त्याहून जास्त. पहिल्या महिन्यातच चिन-शुईने एक बगळा काढला आणि शाईने बरबटलेले हात वर धरून ओरडला, "अगं, तो शिक्का मार ना! माझे हात खराब आहेत."

तिने मला उचललं, लाल लगद्याच्या डबीत दाबलं आणि कागदावर टेकवलं. उलटा! डोकं खाली, पाय वर. माझी पहिली कामगिरी, आणि मी शीर्षासनात.

चिन-शुईच्या तोंडात चहा होता तो नाकातून आला.

"हसता काय?" आ-ल्यान म्हणाली. "तुमचा बगळा तरी कुठे सरळ उभाय? प्यायल्यासारखा वाकलाय."

त्याने ते चित्र फाडलं नाही. स्वयंपाकघरात खिळा ठोकून लावलं, भाताच्या कुकरच्या बरोबर वर. हा कुकर तिच्या माहेरचा. विजेचा, हिरवा, शिट्टी न मारणारा. भात झाला की त्याचा खटका उडायचा. खट्! बस, एवढंच बोलायचा. मला तो पहिल्यापासून आवडला. मोजकं बोलणारा इसम.

तेव्हापासून शिक्का मारणं आ-ल्यानकडे लागलं. माझा फुटका कोपरा डावीकडे खाली आला की मी सरळ, हे तिनं ओळखून ठेवलं. कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आणि मारायची कधी? चित्र पूर्ण झाल्यावर? छे! भात झाल्यावर. आत खट् झालं की ती कमरेच्या फडक्याला हात पुसत बाहेर यायची.

"कुठेय तो?" म्हणजे मी.

"थांब थांब, अजून डोंगर राहिलाय!"

"डोंगर काय पळून जातोय? भात निवतोय." टप्प. मी कागदावर.

आणि आमच्यात एक कायदा आहे. लाल शिक्का लागला की काळ्या शाईने तोंड उघडायचं नाही. विषय संपला. चिन-शुई हातात कुंचला धरून कागदाकडे बघत राहायचा, पानावरून उठवलेल्या माणसासारखा. मग जेवायला बसायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र बघायचा तेव्हा त्याला कळायचं की बगळा वाचला. हे तो तिला कधी बोलला नाही. मी ऐकलेलं तरी नाही. उलट चित्रकारांच्या मंडळात गेला की सांगायचा, "मला कुठे थांबायचं ते बरोबर कळतं. ते आतून येतं." आतून यायचं हे खरं. स्वयंपाकघरातून.

बगळेवाला को म्हणून त्याचं नाव झालं ते असं. लोक यायचे, चित्रासमोर उभे राहायचे, दोन पावलं मागे जायचे, मान वाकडी करायचे, दातातून हवा आत ओढायचे आणि म्हणायचे, "काय ही मोकळी जागा! काय हा संयम!" मी टेबलावर आडवा पडून ऐकायचो. संयम म्हणे. त्या दिवशी भात लवकर झाला होता.

एका उन्हाळ्यात आ-ल्यानला ताप आला. साधा वाटला. तो तिला घेऊनच गेला.

यावर मी जास्त बोलणार नाही. मी दगड आहे.

कुकर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरच्या फळीवर गेला. चिन-शुई कोपऱ्यावरच्या गाडीवर माशाची पेज प्यायला लागला, सकाळी तीच, संध्याकाळी तीच. माझ्या डबीतला लगदा कुणी ढवळेना. हिंगूळ आणि तेल असतं त्यात. ढवळला नाही तर तेल वर येतं आणि खाली घट्ट दगड. मला सोबत झाली म्हणायची.

आणि चित्रं? काळी! एक खट् म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. एक-एक कागद घ्यायचा, छान बगळा यायचा, मी मनात म्हणायचो, थांब, आता थांब गाढवा. मग तो मला उचलायचा, कागदावर धरायचा, आणि थबकायचा. "जरा पाण्याचं बघतो." मला खाली ठेवायचा, कुंचला उचलायचा. झालं. संध्याकाळपर्यंत कोळशाची वखार. चुरगळून कोपऱ्यात. कोपऱ्यातला ढीग त्याच्या खुर्चीच्या वर गेला.

शहरात त्यांचं एक शाई मंडळ आहे. दर वसंतात प्रदर्शन भरवतात. दारात फुलांच्या परड्या, फितींवर देणाऱ्यांची नावं. निम्मे लोक चित्रं सोडून आपली परडी पुढे आहे की मागे तेच बघतात. मंडळाचा चिटणीस हुंग तिएन-लू. चिन-शुईचा शाळेपासूनचा दोस्त. मोठमोठी लालबुंद फुलं काढतो, कोबीच्या गड्ड्याएवढी, आणि त्याचा शिक्का टोफूच्या वडीएवढा. वर सिंह कोरलाय. माझ्याशी बोलत नाही तो सिंह. नको बोलू.

या वर्षी वसंत जवळ आला तसा तिएन-लू आमच्याकडे आला. सोबत ओउयांग पेइ-युन. ही चिन-शुईची जुनी विद्यार्थिनी; आता स्वतः नाव काढलेली. केस बारीक कापलेले, फरशी पुसायच्या ब्रशने चित्र काढते, ओला कागद छताच्या पंख्याला टांगते. तिचं चित्र मला कळत नाही, पण ती आली की माझी डबी ढवळून जाते, म्हणून तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही.

"या वर्षी काय देतोस?" तिएन-लूने चप्पल काढता काढता विचारलं.

"काही नाही," चिन-शुई म्हणाला.

"गेल्या वर्षीही हेच दिलंस."

"मग या वर्षी त्याचाच मोठा आकार लाव."

"चेष्टा पुरे. तुझी भिंत दोन वसंत रिकामी ठेवली मी. पोरं विचारतात, हा कोण को? मेला का?"

चिन-शुईने चहा ओतला. सांडला. पुसला नाही. "ऐक तिएन-लू. मी हे बंद करतोय. प्रदर्शन सुरू व्हायच्या आत माझ्या हातून एक बगळा जिवंत सुटला तर ठीक. नाहीतर कुंचले पेइ-युनला, आणि शिक्का शेनच्या पोराकडे नेऊन तोंड घासून घेतो. दगड चांगला आहे. तुझ्या नातवाचं नाव कोर त्यावर."

"माझा नातू चित्रं काढत नाही. मोबाइलवर गोळ्या झाडतो."

"मग दार अडवायला वापर."

तुमचं तोंड घासून टाकायची भाषा कुणी तुमच्यासमोर केलीय का? काचेवर पाणी टाकतात, घासायचा खरखरीत कागद ठेवतात, आणि शिक्क्याचं तोंड त्यावर गरागरा फिरवतात. पाणी लाल होतं. अक्षरं जातात. मग मी कोण? एक गुळगुळीत दगड. चिन नाही, शुई नाही. आहे ती दोन अक्षरंही जायची. मला पाय असते तर मी त्याच दिवशी निघालो असतो.

"काका, असं कसं हो बोलता?" पेइ-युन म्हणाली. "आपण जोडचित्र करू. तिघांचं एक. तुमचा बगळा मधे. एकट्याचं दडपण नाही."

जोडचित्र ही यांची आवडती भानगड. एकच कागद, एकाने दगड काढायचा, दुसऱ्याने पाणी, तिसऱ्याने पक्षी, आणि खाली सगळ्यांचे शिक्के. बाहेरून स्नेहसंमेलन, आतून जागेची मारामारी. वयाने मोठा त्याने सुरुवात करायची. तिएन-लू चिन-शुईपेक्षा काही महिन्यांनी मोठा. ते काही महिने त्याने जन्मभर वापरले.

बाह्या सरसावून त्याने एक खडक आणि त्यावर एक फूल काढलं. फूल कसलं, कोबीचा मळा! निम्मा कागद गेला.

"दुसऱ्यांना काही ठेवशील की नाही?" चिन-शुई म्हणाला.

"तुझा बगळा काय, एका पायावर उभा राहतो. त्याला किती जागा लागते?"

पेइ-युनने आपला फरशीचा ब्रश बुडवला आणि एका हाताने तळं ओढलं. एकच हात. मग ब्रश ठेवून म्हणाली, "मला भूक लागलीय. काका, घरात काय आहे?"

"तांदूळ असतील. किडेही असतील."

"किडे धुता येतात." ती पडद्याआड स्वयंपाकघरात गेली. वरच्या फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला, प्लास्टिक चुरचुरलं, ती धुळीने शिंकली. चिन-शुईचं लक्ष नव्हतं. तो कागदावर वाकला होता.

आणि खरं सांगतो, हात अजून गेला नव्हता त्याचा. तळ्याच्या कडेने फिकी शाई फिरवली, लव्हाळ्याच्या चार काड्या ओढल्या, आणि मधे, जिथे काहीच केलं नव्हतं, तिथे बगळा येऊन उभा राहिला. एक पाय वर, मान आत घेतलेली, आत्ता मासा दिसलाय अशा बेतात. मी टेबलावरून बघत होतो. असा बगळा फार दिवसांत आला नव्हता.

तिएन-लूने स्वतःचं फूल सोडून बगळ्याकडे पाहिलं. त्याच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे. मग हळूच म्हणाला, "बास. ठेव आता."

"पायाखाली जरा अंधार हवा."

"नको रे."

"एकच हात." फिरवला. पायाला काही झालं नाही, पण कडा ओली झाली.

"काका, पुरे ना," पेइ-युन पडद्यातून डोकावून म्हणाली. "श्वास घेऊ द्या त्याला."

"त्या लव्हाळ्याचं वजन डावीकडे जातंय."

ऐकू येत नव्हतं त्याला. चित्रकाराला त्या वेळी कान नसतात. घर पेटलं तरी तो म्हणेल, उजेड डावीकडून येतोय. त्याने कुंचला गडद शाईत बुडवला. टोकावर थेंब लोंबायला लागला. थेंब नेमका बगळ्याच्या पोटाच्या वर. मी तिथेच पडून माझ्या तोंडावर काचेचा गारवा अनुभवत होतो. झालं, म्हटलं. हा बगळा गेला, त्याच्या मागोमाग मी.

खट्!

पडद्याआड. एवढंच.

चिन-शुईचा हात जागच्या जागी उचलला गेला. त्याने उचलला नाही, गेला. कुंचला पाण्याच्या भांड्यात सोडला, हात मागे घेतले, आणि मान न वळवता, त्याच चिडक्या आवाजात ओरडला, "थांब थांब, अजून डोंगर राहिलाय!"

त्या चित्रात डोंगर नव्हताच.

मग त्याने पडद्याकडे पाहिलं. पेइ-युन उभी होती, हातात भातवाढणं. तिएन-लू खिडकीतून बाहेर रस्त्यावरची स्कूटर बघायला लागला. बघण्यासारखं त्या स्कूटरमध्ये काही नव्हतं.

"भात निवेल," शेवटी चिन-शुई म्हणाला.

आणि त्याने मला उचललं. शाईने बरबटलेल्या बोटांनी, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतः शिक्का मारायला. डबीत दाबलं आणि कागदावर टेकवलं. दाब चांगला दिला, डगमगला नाही, मला जरा अभिमानही वाटला. मग मला बाजूला केलं आणि तिघेही वाकून बघायला लागले.

मी उलटा होतो.

"अरेरे," तिएन-लू म्हणाला.

जन्मभर चित्रं काढलेला माणूस, आणि स्वतःच्या शिक्क्याचं डोकं कुठलं ते माहीत नाही! फुटका कोपरा वर उजवीकडे. एकच बाई होती ती हे जाणणारी.

"खरवडता येईल," तिएन-लू घाईघाईने म्हणाला. "मी एकाला ओळखतो, वरून बारीक कागद चिकटवतो, कळत नाही. चिन-शुई, मंडळाच्या भिंतीवर उलटा शिक्का? लोक म्हणतील चिटणीस झोपला होता."

"रोजच झोपतोस," चिन-शुई म्हणाला. तो हसत होता. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग खोकला आला. तसाच खोकत आत गेला, कुकरच्या वरच्या खिळ्यावरून ते वाफेने पिवळं पडलेलं जुनं चित्र काढून आणलं आणि नव्याच्या शेजारी ठेवलं. दोन बगळे. दोन लाल शिक्के, दोघेही डोकं खाली, पाय वर.

"ही दोन्ही लावायची," तो तिएन-लूला म्हणाला. "अशीच शेजारी. नाहीतर भिंत रिकामी ठेव."

"जुन्यावर तेलाचे डाग आहेत."

"माशाचे आहेत. तुझ्या फुलापेक्षा बरे."

प्रदर्शनात मी गेलो होतो, चिन-शुईच्या खिशात. सांगतो ते खोटं वाटेल. बाकीच्या भिंतींसमोर लोक चालत होते, आमच्यासमोर थांबत होते. मान वाकडी तर केलीच, एका गृहस्थाने कमरेत वाकून दोन पायांमधून पाहिलं, त्याची टोपी पडली. कुणी म्हणालं, शिक्का म्हणजे बगळ्याचं पाण्यातलं प्रतिबिंब. कुणी म्हणालं, हा जुन्या परंपरेवर हल्ला आहे. एक तरुण कलाकार, ज्याची स्वतःची कलाकृती म्हणजे कोपऱ्यात ठेवलेली रिकामी बादली होती, तो म्हणाला, "हे फार धाडसी आहे." तिएन-लू शेजारीच उभा होता. आधी तोंड लपवत होता. धाडसी हा शब्द ऐकल्यावर पुढे आला आणि सगळ्यांना सांगायला लागला की जोडचित्रातला खडक आपला आहे.

मग चष्मेवाले एक विद्वान आले. त्यांनी खूप वेळ पाहिलं. चिन-शुईला वाकून नमस्कार केला.

"को गुरुजी, एक विचारू? कितीतरी वर्षांच्या अंतराने दोनदा आपण शिक्का उलटा मारलात. दोन्ही वेळा तुम्ही नेमक्या क्षणी थांबला आहात. तो क्षण तुम्हाला कसा कळतो?"

मला वाटलं, आता हा सांगणार, आतून येतं वगैरे. नेहमीचं. खिशात मी कंटाळून कूस बदलली.

चिन-शुईने जुन्या चित्राकडे पाहिलं.

"भात झाला होता, साहेब," तो म्हणाला.

विद्वानांनी ते लिहून घेतलं. घेऊ दे. जन्मात पहिल्यांदा चिन-शुई या विषयावर खरं बोलला होता.

माझं तोंड घासलं गेलं नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. नाहीतर बोललो कशाने असतो? कुकर आता चित्रशाळेतच, माझ्या शेजारी टेबलावर असतो. चिन-शुई कागद पसरायच्या आधी तांदूळ धुतो, पाणी मोजून टाकतो, मग कुंचला उचलतो. मोठं चित्र असलं की पाणी जास्त, म्हणजे खटका उशिरा. मधल्या आकाराच्या कागदालाच भाताचा लगदा होतो, तो तक्रार न करता खातो. भात इतका उरतो की गल्लीतली कुत्री आमच्या दारात झोपतात आणि पेजेची गाडीवाली बोलेनाशी झालीय. तिएन-लूने गुपचूप तसाच कुकर आणलाय. त्याची फुलं आहे तशीच आहेत, पोट मात्र सुटलंय.

पेइ-युन परवा म्हणाली, "काका, शेनच्या मुलाकडून शिक्क्यावर ती खूण कोरून घेऊ का? म्हणजे कधी उलटा लागणार नाही."

"नको," चिन-शुई म्हणाला. "लागला तर लागू दे."

कोपरा डावीकडे खाली, बाबा. एवढंच लक्षात ठेवायचंय. पण सांगणार कोण? मला दोन अक्षरं येतात, त्यांत हे बसत नाही. म्हणून कधी सरळ लागतो, कधी उलटा. लगदा रोज ढवळला जातोय, बगळे वाचतायत, माझ्या वयाच्या दगडाला आणखी काय हवं? तुम्ही चित्रं काढत नसाल, आणखी काही करत असाल. तुमच्या घरात कुणीतरी आतून "निवतंय" म्हणून ओरडत असेल. चिडा, पण उठा. एवढीच विनंती. दुसऱ्यांदा सांगणार नाही.

आता पुरे करतो. शेजारी झाकण खडखडायला लागलंय, आणि हा अजून तळ्याच्या त्या कोपऱ्यात शिरलाय, "जरा अंधार, जरा अंधार" करत. बगळा बरा आलाय आज. कुंचला पुन्हा बुडवलाय गाढवाने. थेंब लोंबतोय.

उड रे बाबा, उड लवकर.

खट्!